रामआळीत उमटलेले चेहरे

॥ श्री ॥
जहाजावरून, जमैका
दि. १६ फेब्रुवारी १९८६

ती. राहीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र एजंटच्या कचेरीत माझ्या आधी येऊन बसलं होतं. आप्पांच्या डोळ्यांचं वाचून काळजी वाटली. त्यांना म्हणावं, डार्करूम आता राहीवर सोडा. ऐकणार नाहीत, पण म्हण. माझ्यासाठी आलेल्या मालगुंडच्या स्थळाबद्दल लिहिलेल्या ओळी वाचल्या आणि पुढे गेलो.

आमचं जहाज आता वर्षभर याच समुद्रात फिरणार. जमैकातून बॉक्साइटची माती भरायची, अमेरिकेत उतरवायची, परत इथंच. दर खेपेला या लहानशा बंदरात थोडे दिवस मुक्काम असतो. ताई, इथली जमीन बघितलीस तर म्हणशील, गुणा आपल्या मिऱ्याच्या किनाऱ्यावरच आहे. तशीच जांभ्याची तांबडी माती, माड, फणस आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या.

त्या होड्यांच्या पलीकडे एक वाडी आहे. तिथं रास्ताफारी लोक राहतात. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची ही नातवंडं-पतवंडं. इथिओपियाच्या सम्राटाला देव मानतात, आफ्रिका हीच आपली भूमी म्हणतात. केसांना कात्री लावत नाहीत, त्यामुळे जटा वाढलेल्या, थेट आपल्याकडच्या गोसाव्यांसारख्या. मटण वर्ज्य, जेवणात मीठसुद्धा नाही, सगळं नारळाच्या रसात शिजवलेलं. बोलताना ‘आम्ही’ म्हणत नाहीत, ‘मी आणि मी’ म्हणतात. समोरच्यातही तोच देव बसलाय, म्हणून.

बंदरावरच्या दुकानात त्यांचे फोटो पोस्टकार्डांवर मिळतात. सगळे एकाच तऱ्हेचे. तोंडातून धूर, तांबारलेले डोळे, खाली टिंगलीची एखादी ओळ. नाव कोणाचंच नाही. ते बघून मला वाईट वाटलं. आपण आप्पांसारख्या फोटोवाल्याची पोरं. माझ्याकडे जपानात घेतलेला यशिका कॅमेरा पडून आहे. या लोकांचे नीट, समोर बसवून फोटो काढावे आणि ती कोण माणसं आहेत हे त्याखाली लिहावं, असं मनात आलं.

वाडीतला वडील माणूस म्हणजे रास एझ्रा, ‘रास’ हे त्यांच्यात मानानं लावतात. होड्या बांधतो. मी फोटोचं विचारलं तेव्हा त्यानं हातातला रंधासुद्धा थांबवला नाही. तरुणपणी त्याला पकडून त्याच्या जटा भादरल्या होत्या आणि तसाच बोडका उभा करून फोटो काढला होता. तो वर्तमानपत्रात आला. जगात त्याचा तेवढा एकच फोटो आहे. तो म्हणाला, फोटो काढणारे पुष्कळ येतात, काढतात आणि जातात. काढलेला फोटो घेऊन परत आलेला माणूस त्यानं अजून पाहिलेला नाही.

मी निघालो होतो. पण त्याची बायको मिरियम, ही मासे विकते, तिनं हाक मारली. म्हणाली, माझा काढ, बघू आणून देतोस का. तो रोल सोबत पाठवतो आहे. तिचा वर्ण फार काळा आणि ऊन डोळे दिपवणारं. काही उमटलं असेल का याचीच धास्ती आहे. जसं येईल तसं छापून लवकर पाठव.

तुझी माया हक्काची आहे म्हणून कामं सांगतो. ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
गुणाजी

॥ श्री ॥
रामआळी, रत्नागिरी
दि. २३ मार्च १९८६

चि. गुणाजी यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रोल पोचला. जटा बघायची आम्हाला सवय आहे, पण तूही वाढवून येशील तर मालगुंडचे लोक वाटेतूनच परत जातील, एवढं लक्षात ठेव.

आता मिरियमबद्दल. निगेटिव्ह उजेडाला धरली तेव्हा मी आप्पांना हाक मारली नाही, तरी ते आले. डोळे अधू झाले असले तरी नाक शाबूत आहे, डेव्हलपरच्या औषधाचा वास त्यांना बाहेरच्या बाकावरही येतो. त्यांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे सांगितलं, की कागदावर उजेड कमी पाड, म्हणजे चेहरा उजळ येईल, राहिलेलं काम पेन्सिलनं करू. आपल्या दुकानात हेच चालत आलंय ना. नवरी मुलगी असो की होडीवरचा तांडेल, पायरी चढतानाच सांगतात की जरा गोरा काढा. आप्पांनी सगळ्या जिल्ह्याला गोरं केलं.

त्यांनी छापली ती प्रत मी बघितली. एक पांढुरकी बाई होती, तिला नाक-डोळे होते, पण ती कोणीच नव्हती. आप्पा जेवायला गेल्यावर मी पुन्हा बसले. उजेड वाढवत गेले. पहिल्या कागदावर राख फासल्यासारखा चेहरा आला, पुढच्यावर नुसता काळा डाग. पुष्कळ कागद वाया गेले. मग गालावर उजेड कमी आणि आभाळावर जास्त, असं हातानं आडोसा करत छापलं आणि गुणा, ती आली. काळीभोर. कपाळ तुळतुळीत, जटेतला एकेक पीळ वेगळा, आणि डोळ्यांत तुझी परीक्षा घेत असल्यासारखं हसू. मी कागद ताटलीतून बाहेर काढायचंच विसरले होते.

पुढच्या वेळी भर उन्हात बसवू नकोस. माडाखाली तर नकोच, तोंडावर कवडसे पडतात. घराच्या दारात बसव, तोंड समुद्राकडे. उजेड चेहऱ्यावरून मोज, आभाळावरून नव्हे.

पाकिटात माझी प्रत आहे. आप्पांनीही आपली घातली आहे. नको म्हटलं असतं तर रुसले असते.

इकडची काळजी करू नकोस, आपली मात्र करत जा.
तुझी,
राहीताई

॥ श्री ॥
जमैका
दि. १८ मे १९८६

ती. राहीताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच, आणि आप्पांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

मी वाडीत गेलो तेव्हा मिरियम मासे साफ करत होती. हात धुऊन आली. पाकिटात वर आप्पांची प्रत होती. तिनं ती बराच वेळ धरली आणि अगदी साधेपणानं विचारलं, ही कोण? तिनं ती परत माझ्या हातात दिली. मग तुझी प्रत काढली. ती खाली वाळूत बसली. थोड्या वेळानं तिनं हाका मारून सगळी वाडी गोळा केली. फोटो हातोहात फिरला. ओल्या हाताच्या माणसानं हात अंगरख्याला पुसूनच तो घेतला.

सगळ्यांत शेवटी एझ्राकडे गेला. त्यानं विचारलं, हा छापला कोणी? म्हटलं, माझ्या बहिणीनं. तिनं मिरियमला कधी पाहिलंय का? म्हटलं, नाही, ती सात समुद्रांपलीकडे आहे. तो फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, “तिनं पाहिलंय. उद्या सकाळी ये. मी बसतो.”

त्याच्या अटी आहेत. प्रत्येकाचा फोटो आधी त्याच्या हातात पडायचा. पोस्टकार्ड करायचं नाही. प्रत्येक चेहऱ्याखाली त्याचं नाव आणि तो काय करतो हे लिहायचं, आणि त्यांच्या रीतींचे फोटो त्यांना विचारून, ते सांगतील तेव्हाच काढायचे. मी सगळ्या मान्य केल्या.

सकाळी तो दारात बसला. पांढरा सदरा, हातात काठी, जटा सोडलेल्या, गुडघ्यापर्यंत पोचणाऱ्या. मी सांगितल्याशिवाय तो हललासुद्धा नाही. त्यानंतर ढोलवाले आले, केरसुण्या बांधणारा एक जण आला, बायका लेकरांना घेऊन आल्या. सोबत चार रोल आहेत. एझ्राचा सांभाळून कर, ताई. तो बिघडला तर मला या बंदरात तोंड दाखवता येणार नाही.

वाडीत तुला आता सिस्टर राही म्हणतात. त्यांचा नमस्कार आणि माझाही.
तुझा,
गुणाजी

॥ श्रीराम ॥
रत्नागिरी
दि. २२ जून १९८६

चि. गुणाजीस आप्पांचे आशीर्वाद. उपरि विशेष.

राहीने पत्र वाचून दाखविले. दोन परिच्छेद गाळून दाखविले, ते मी शेजारच्या आत्मारामकडून वाचून घेतले.

इतकी वर्षे धंदा केला, माझा फोटो कोणी परत केला नव्हता. या बाईने केला. मला राग आला, तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी मी राहीने दुकानात ठेवलेली तिची दुसरी प्रत भिंगाखाली धरून पाहिली. गालाचे हाड, डोळ्याखालची सुरकुती, सारे जिथल्या तिथे आहे. मी हे सर्व पेन्सिलीने पुसले होते. गिऱ्हाइकाला हवे ते द्यावे, असे मी मानीत आलो. या बाईला हवे ते मी दिले नाही, हेही खरेच.

त्या वृद्धाची निगेटिव्ह आज धुतली. चांगली आली आहे. दारातला उजेड बरोबर धरलास. ती छापताना मी राहीच्या बाजूला बसणार आहे. तिला शिकवायला नव्हे.

प्रकृतीस जपावे. परक्या मुलखात कोणाशी वाद घालू नये. इकडील लोभ आहेच, तो पत्र न पाठविल्याने वाढत नाही हे ध्यानी असावे.
आप्पा

॥ श्री ॥
रत्नागिरी
दि. १४ सप्टेंबर १९८६

चि. गुणाजी यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

एझ्रा आणि बाकी सगळ्यांच्या प्रती वेगळ्या पाकिटानं पाठवल्या आहेत, एकेक इथं ठेवून घेतली आहे. एझ्राची प्रत आप्पांनी आणि मी मिळून केली. मी आडोसा धरत होते, ते मोजत होते. मला दिसत नव्हतं तिथं त्यांनी अंदाजानं सांगितलं, त्यांना दिसत नव्हतं तिथं मी. अशी प्रत आपल्या दुकानातून आजवर निघालेली नाही.

आता एक गोष्ट सांगते. तू रागावशील असं वाटतं, तरी सांगते. मुंबईच्या एका साप्ताहिकाचे संपादक गावात पाहुणे म्हणून आले होते. दुकानात रोल घ्यायला आले आणि वाळत घातलेल्या प्रती बघून तिथंच खुर्ची ओढून बसले. फार स्तुती केली. एझ्राला मुखपृष्ठावर घेतो, आत आठ पानं देतो, तुझं नाव मोठ्या अक्षरांत घालतो म्हणाले. मला तर हातातलं काम सुचेना. मग मथळा कोणता, म्हणून विचारलं. ‘गांजाच्या धुरातले देव’. मी म्हटलं, यांच्या अटी आहेत, नावं छापावी लागतील. त्यावर हसले. इतकी परकी नावं कोण वाचणार, आणि तिकडे जमैकात मराठी कोणाला कळणार आहे?

तेवढ्यात आप्पा आतून आले. हातात एझ्राची प्रत. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “या माणसाचं नाव एझ्रा आहे. होड्या बांधतो. हे छापणार असाल तर बोला.” ते गृहस्थ रोलाचे पैसे देऊन निघून गेले.

तुझं नाव मोठ्या अक्षरांत यायचं होतं, ते आम्ही तुला न विचारता घालवलं. त्याचं वाईट वाटतंय. पण मनात एक आहे. आपणच इथं प्रदर्शन मांडलं तर? शाळेच्या हॉलचं बोलून ठेवलंय. तुझं आणि एझ्राचं म्हणणं कळव.

रागावला असलास तरी पत्र लिही, रागाचं लिही.
तुझी,
राहीताई

॥ श्री ॥
जमैका
दि. ५ ऑक्टोबर १९८६

ती. राहीताईस व ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून संध्याकाळपर्यंत मी रागातच होतो. मुखपृष्ठाचं स्वप्न मीही बघितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी वाडीत गेलो आणि हे सगळं एझ्राला सांगितलं. त्यानं आप्पांचं वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं. मिरियमला बोलावून तिलाही ऐकवायला लावलं. मग म्हणाला, तुझ्या बापाला सांग, की या किनाऱ्यावर त्यांचं घर आहे. तेव्हा माझा उरलासुरला रागही गेला. दोघांनी केलंत ते बरोबर केलंत.

स्वतःचा फोटो त्यानं घरात नेला आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा डोळे ओले होते, पण मान अशी ताठ, की होडीवर वाकलेला मी बघत आलो, तो माणूस हाच का असं वाटावं.

प्रदर्शनाला त्याची परवानगी आहे. फक्त ते दोन नोव्हेंबरला उघडा म्हणतो. त्यांच्या सम्राटाच्या राज्याभिषेकाचा तो दिवस, त्यांचा मोठा सण. मी कॅलेंडर बघितलं तर आपली दिवाळीच आहे. त्याच दिवशी तेही आपल्या प्रार्थनेच्या मांडवात सगळे फोटो लावणार आहेत. माझं जहाज तेव्हा इथंच असेल.

आप्पांनी डोळ्यांत औषध घालायचं चुकवू नये.
तुमचा,
गुणाजी

॥ श्री ॥
रत्नागिरी
दि. ९ नोव्हेंबर १९८६

चि. गुणाजी यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी झाली. काय झाली ते सांगते.

आठ दिवस आधी शाळेनं हॉल नाही म्हणून कळवलं. गावात बोभाटा झाला होता, की फोटोवाल्याची राही गांजेकसांचं प्रदर्शन भरवते आहे. मी उंबऱ्यावर डोकं धरून बसले असताना मिऱ्याची हिरा बांगडे घेऊन आली. तू तिला ओळखतोस, तिच्याशी भाव करून आजवर कोणी जिंकलेलं नाही. तिनं विचारलं, झालं काय. मी मिरियमचा फोटो दाखवला. ही मासे विकते, एवढंच सांगितलं. हिरानं पाटी खाली ठेवली, फोटो बघितला आणि म्हणाली, आमच्या जाळ्यांच्या शेडीत लाव. तिथं कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

अशी फोटोतली सगळी माणसं मिऱ्याच्या शेडीत गेली. वाळत टांगलेल्या जाळ्यांवरच आम्ही चिमट्यांनी फोटो लावले, खाली आप्पांनी स्वतःच्या अक्षरात नावं लिहिली. मागे समुद्र. कंदीलही हिराच्या मुलांनी लावले. गुणा, तुझी माणसं तिथं पाहुणी वाटलीच नाहीत.

दोन तारखेला सकाळी पोरं आली ती खिदळतच. भुतं, भुतं म्हणत होती. हिरानं त्यांना एकेका फोटोपुढे उभं करून खालचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं. चार नावं वाचून झाल्यावर हसू थांबलं. मग कोळणी आल्या, खलाशी आले, बुरोंडीहून एक म्हातारे सुतार आले, ते एझ्राच्या होडीच्या फोटोसमोरून हलेनात. फळ्या कशा सांधल्यात यावर त्यांनी बरोबरच्यांशी भांडण काढलं. दुपारनंतर गावातली मंडळी पावलं मोजत आली. शाळेचे हेडमास्तरही आले. सगळं फिरून बघितलं आणि मुलांना आणू का, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, शेड मोठी आहे.

पण सांगायचं ते वेगळंच. हिरा संध्याकाळी मिरियमसमोर पुन्हा येऊन उभी राहिली. कामाचंच लुगडं, हाताला खवले चिकटलेले. ती आप्पांकडे वळली आणि म्हणाली, “आप्पानू, माझा फोटू काढा. हाय तशीच काढा, गोरी नका करू.”

आप्पांना हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आत्मारामला दुकानात पाठवून त्यांनी मोठा कॅमेरा आणवला. शेडीच्या तोंडाशी हिराला बसवलं, मावळतीच्या उजेडात. काळ्या फडक्याखाली त्यांना नीटसं दिसत नव्हतं, फोकस मी धरला, कॅमेऱ्याचा रबरी बल्ब त्यांनी दाबला. ती उठली तशी तिची जाऊ बसली, मग नवरा, मग सगळी आळी. उजेड संपला तेव्हा माणसं संपली नव्हती. उद्या या म्हटलं, तर उद्या आली. या आठवड्यात दुकानात पेन्सिल कोणी मागितली नाही.

आप्पा रात्री जेवताना दोन घास जास्त जेवले. मला एवढंच म्हणाले, की हा धंदा आता कळायला लागला.

तू इथं असायला हवा होतास. तिकडचं सगळं सविस्तर कळव.
तुझी,
राहीताई

॥ श्री ॥
जमैका
दि. ७ डिसेंबर १९८६

ती. राहीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वाडीत मोठ्यानं वाचलं, जमेल तसं इंग्रजी करत. हिराचं आलं तेव्हा मिरियमनं टाळ्या वाजवल्या आणि ही बाई मला भेटली पाहिजे म्हणाली.

इकडेही दोन तारखेला बांबूच्या भिंतींवर सगळे फोटो लागले होते. दिवस उगवायच्या आधीपासून ढोल चालू होते, काळजाच्या ठोक्यासारखे, संथ. माणसं आपापल्या चेहऱ्यासमोर जाऊन उभी राहत, मग शेजारच्याच्या. डोंगरातल्या दुसऱ्या वाड्यांतले लोकही आले होते. त्यांतल्या पाच वाड्यांनी मला बोलावलंय.

खरी बातमी पुढेच आहे. राजधानीतल्या एका ग्रंथालयातल्या बाई तिथं आल्या होत्या. सगळा संच कायमचा जपून ठेवायला हवा, म्हणाल्या. एझ्रानं अट घातली, की प्रत्येकाचं नाव राहील, आणि ज्यांनी केलं त्यांचंही. कागद करायला तो स्वतः गेला, मी बरोबर होतो. पांढरे कपडे, डोक्याला जटांवर फेटा, हातात काठी. दारावरच्या माणसानं मागच्या बाजूनं जायला सांगितलं. एझ्रा पुढच्या दारासमोरून हललाच नाही. शेवटी त्या बाई स्वतः पायऱ्या उतरून आल्या आणि त्याला मोठ्या दारातून आत घेऊन गेल्या. आत बसून त्यानं सगळी नावं एकेक करून वाचून घेतली. शेवटची ओळ अशी होती: फोटो गुणाजी शिवलकर, छपाई राही आणि आप्पा शिवलकर, रत्नागिरी. बाहेर पडल्यावर तो रस्त्यातच मोकळेपणानं हसला. मीही हसलो, कारण नसल्यासारखा, आणि मग आम्ही दोघं हसतच राहिलो.

आता वाडीचा निरोप. मांडवाच्या भिंतीवर त्यांनी एक जागा रिकामी सोडली आहे. सिस्टर राहीचा फोटो हवाय त्यांना. मी आठवून बघितलं, ताई, तुझा एकही धड फोटो नाही. प्रत्येक घरच्या फोटोत तू कॅमेऱ्याच्या मागे. कारणं सांगत बसू नकोस.

त्या सगळ्यांच्या वतीनं हा हट्ट आहे, तो पुरवावा.
तुझा,
गुणाजी

॥ श्री ॥
रत्नागिरी
दि. ४ जानेवारी १९८७

चि. गुणाजी यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कारणं सांगणारच होते. आप्पांनी पत्र ऐकलं आणि उठून फोटोच्या खुर्चीमागचा पडदा झाडायला घेतला.

त्या खुर्चीवर मी हजारो माणसं बसवली असतील. हनुवटी खाली, खांदा सैल, इकडे बघा. स्वतः बसले तर हात कुठं ठेवायचे ते कळेना. आप्पा म्हणाले, घाई नाही. हिरा मासे द्यायला आलेली, ती दारातच थांबली आणि मला काय काय बोलली ते इथं लिहिता येणार नाही. मी हसले. तेवढ्यात आप्पांनी बल्ब दाबला.

छापायला मीच बसले. दुसऱ्यांचे चेहरे ताटलीत उमटताना रोज बघते, पण आपला चेहरा पाण्याखालून वर येताना बघणं वेगळं, रे. आधी डोळे आले. आईसारखे आहेत. मग कपाळ, मग पिकायला लागलेले केस, मग ते हसू. ही बाई मला माहीत नव्हती. आवडली.

पाकिटात ती आहे. खाली आप्पांनी लिहिलंय: राही शिवलकर, फोटो छापते. भिंतीवर लावलीस की मला कोणाच्या शेजारी बसवलंय तेवढं कळव. आणि मिरियमला सांग, मी पोचले.

तुमच्या सगळ्यांच्या लोभातली,
राहीताई